बाजारात हुशार, फळ्यापुढे गप्प

पत्र थोडक्यात : मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. वर्गाचा पट 28. निम्मी मुलं गावातली, सात-आठ शेजारच्या तांड्यावरची, पाच-सहा जणांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ‘गणित मुलांच्या जगण्याशी, संस्कृतीशी जोडा’ असं प्रशिक्षणात ऐकल्यापासून ताईंनी मनापासून खटपट केली. उदाहरणांत गावातली नावं घातली, सफरचंदांची सीताफळं केली, सममितीसाठी रांगोळी आणली, भिंतीवर वारली चित्रं काढून त्यातले त्रिकोण मोजायला लावले. फरक मात्र पडला नाही. आठवडी बाजारात मामाच्या भाजीच्या पालावर बसणारा एक मुलगा समोरून कितीचीही नोट आली तरी सुटे पैसे बिनचूक परत देतो, आणि वहीत 200 − 137 चं उत्तर 137 लिहितो. ऊसतोडीचं उदाहरण घातलं त्या दिवशी एक मुलगी मान खाली घालून बसली आणि नंतर रडली. पालक म्हणतात, ‘बाजार आम्ही शिकवू, तुम्ही पुस्तक शिकवा.’ मुख्याध्यापकांना नवोदयच्या परीक्षेची काळजी. ‘मी संस्कृती शिकवू की गणित?’ असं ताई विचारतात.

ताई,

सोडू नका. पण आजवर केलंत ते आहे तसं चालूही ठेवू नका, कारण त्यातलं बरंचसं गणिताच्या अंगावर चढवलेलं झबलं आहे. सफरचंदाच्या जागी सीताफळ आलं, तरी ‘35 रुपयांचं एक, तर 14 ची किंमत किती’ हे उदाहरण होतं तसंच राहिलं. मुलाला ते सोडवायची रीत कालही तुमचीच वापरायची होती, आजही तुमचीच. नाव बदललं, फळ बदललं. त्याच्या डोक्यातला हिशेब वर्गात आलाच नाही. वारली चित्रांचं तर आणखी गमतीचं. वारली पालघर-डहाणूकडचे. तुमच्या तांड्यावरच्या पोराला ते चित्र पिझ्झाइतकंच परकं. त्यातले त्रिकोण मोजून तो त्रिकोण मोजायलाच शिकला, आणि ते त्याला दुसरीतच येत होतं.

आता 137 या उत्तराकडे बघा. ते आळसातून आलेलं नाही. मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं आहे : एककात 0 आणि 7, म्हणून 7, दशकात 0 आणि 3, म्हणून 3, शतकात 2 आणि 1, म्हणून 1. वजाबाकीतली ही जगभर भेटणारी चूक आहे. हाच मुलगा पालावर काय करतो? गिऱ्हाइकाच्या हातावर आधी तीन रुपये ठेवतो, ‘एकशे चाळीस’ म्हणतो, मग साठ ठेवतो, ‘दोनशे’ म्हणतो. म्हणजे तो वजाबाकी करतच नाही, 137 पासून वर चढत जातो. त्याच्याकडे एक पक्की रीत आहे आणि वहीत दुसरीच, न कळलेली रीत आहे. या दोघींची ओळख कुणी करून दिलेली नाही.

‘बाजारात येतं म्हणजे वहीतही हळूहळू येईल’ हे आपण सगळेच धरून चालतो. तसं होत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या, 9 ते 15 वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या गाड्यावर जाऊन गिऱ्हाइकासारखे प्रश्न विचारले तेव्हा 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा बरोबर उत्तरं राहिली 37 टक्के. त्यातल्या बारा वर्षांच्या एका मुलाला 35 क्रुझेरोचा एक, असे दहा नारळ किती, असं विचारलं. तो म्हणाला, तीनचे 105, आणखी तीनचे मिळून 210, अजून चार हवेत... 315... 350. दहाने गुणताना शून्य द्यायचं हे शाळेतलं ज्ञान त्याने वापरलंच नाही. तीनाचा भाव त्याच्या तोंडी होता, तो त्याने वापरला.

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या 1,436 कामकरी मुलांचा अभ्यास आला, त्यातही हेच दिसलं. त्याची दुसरी बाजू पालकांना जरूर सांगा : जवळच्या शाळांतली 471 मुलं, ज्यांना विक्रीचा अनुभव नव्हता, ती सोप्या लेखी गणितांत पुढे होती, पण बाजारातला एक हिशेब कामकरी मुलांपैकी एकतृतीयांशाहून जास्त जणांनी सोडवला, तो त्यांच्यापैकी फक्त 1 टक्का मुलांना सुटला. म्हणजे ‘बाजार आम्ही शिकवू, तुम्ही पुस्तक शिकवा’ ही वाटणी दोन्हीकडून तोट्याची. सांधा कुणीतरी बसवावा लागतो, आणि तो बसवायची जागा तुमचा फळा आहे.

आता करायचं काय.

पहिला आठवडा काही शिकवू नका, नुसती चौकशी करा. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर काही मुलांना जड जातं आणि तुम्हाला त्यातून गणितही मिळत नाही. ‘असा कोणता हिशेब आहे जो तू स्वतः करतोस?’ असं विचारा. कुणी दूध डेअरीवर घालतो आणि लिटर-फॅट बघतो, कुणी किराणा आणते, कुणी पिठाच्या गिरणीवर जाते, कुणी कडब्याच्या पेंढ्या मोजतो. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी धारावीतल्या मुलांबरोबर काम केलं तेव्हा हेच समोर आलं की शाळेबाहेरचं गणित सगळ्यांना सारखं भेटत नाही. काम कसलं आणि त्यात मुलाच्या हातात निर्णय किती, यावर ते ठरतं. तुमच्याकडेही भाजीच्या पालावर बसणारा एक आहे, अठ्ठावीस नाहीत. त्याच्या जोरावर वर्ग चालवलात तर उरलेले सत्तावीस पुन्हा प्रेक्षक होतील. मुलींची उत्तरं मुद्दाम वेगळी लिहून ठेवा. बाजार बहुधा मुलग्यांचा असतो. घरातलं माप आणि वाटणी मुलींच्या हातात असते.

दुसऱ्या आठवड्यापासून सांध्याचा तास. फळ्याचे तीन भाग करा : तोंडी, रेष, मांडणी.

‘137 ची भाजी झाली, दोनशेची नोट दिली’ एवढंच सांगा आणि वही मिटलेली ठेवा. पाच-सहा जणांना उत्तर नव्हे, तर ते कसं काढलं ते विचारा. मुलगा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत पहिल्या भागात लिहा : ‘तीन दिले एकशे चाळीस, साठ दिले दोनशे.’ दुसऱ्या भागात आडवी रेष ओढा. डाव्या टोकाला 137, उजव्या टोकाला 200. 137 वरून 140 वर एक छोटी उडी, वर लिहा 3; तिथून 200 वर मोठी उडी, वर लिहा 60. उड्यांची बेरीज 63. एखादी मुलगी म्हणेल, ‘मी शंभर बाजूला ठेवले, उरलेल्या शंभरातून सदतीस काढले.’ तिचीही रेष काढा. दोन रीती शेजारी-शेजारी दिसल्या की ज्यांना काहीच सुचत नव्हतं त्यांना धरायला काहीतरी मिळतं.

तिसऱ्या भागात उभी मांडणी येते आणि इथे घाई झाली की सगळं फसतं. खेळण्यातल्या नोटा घ्या, किंवा कागद कापून करा. दोनशे म्हणजे शंभराच्या दोन नोटा. त्यातून 137 काढून द्यायचे, तर आधी सुटे करावे लागतात हे पोरांना सांगावं लागत नाही. एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा. त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. आता हातात आहे शंभराची एक, दहाच्या नऊ, रुपयाची दहा. फळ्यावर 200 च्या डोक्यावर आपण जे 1, 9, 10 लिहितो ते हेच. सातला दहातून काढा, तीनला नवातून, एकाला एकातून. 63. रेषेवरही 63, तोंडीही 63.

जाता जाता, ‘उसना घेतला’ हा आपला नेहमीचा शब्द या वेळी वापरू नका. उसनं घेतलेलं परत करायचं असतं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, आणि इथे काहीच परत जात नाही. ‘सुटे केले’ म्हणा. काही घरांत आजोबा-काका जुनी रीत सांगतात, वर दहा वाढवून खालच्या पुढच्या अंकात एक मिळवायचा. तीही बरोबरच आहे, पण दोन्ही एकाच आठवड्यात शिरल्या तर खिचडी होते. तशी वही दिसली तर मुलाला चूक म्हणू नका, एवढंच बघा की एका गणितात एकच रीत चालली आहे.

या तासातली शेवटची दहा मिनिटं सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच राहून जातात. आठ गणितं द्या. पहिली तीन नोटा-भाजीची. पुढची तीन नुसत्या आकड्यांची : 300 − 148, 203 − 137, 500 − 265. शेवटची दोन उलटी : फळ्यावर 400 − 286 लिहा आणि म्हणा, ‘याची गोष्ट तुम्ही सांगा.’ नुसत्या आकड्यांपर्यंत न पोचलेला तास नाट्यछटा होतो. मुलं खुश होतात, परीक्षेच्या कागदावर पुन्हा 137 येतं. आणि कायम पैशांचीच उदाहरणं राहिली तर पैसे दिसले नाहीत की हात थांबतो. म्हणून दुसऱ्या तासाला तीच रेष अंतरासाठी वापरा, तिसऱ्याला वयासाठी.

आणखी एक घात आपल्या तोंडून होतो. मुलाने तोंडी बरोबर सांगितलं की आपण म्हणतो, ‘छान, आता रीतीने कर.’ त्याला ऐकू येतं की त्याने केलं ती रीत नव्हती. ‘आता हेच कागदावर कसं दिसेल?’ असं विचारलंत तर काम तेच होतं आणि अपमान टळतो.

गुणाकारालाही हाच फळा चालतो. 35 × 14 तोंडी विचारलं की कुणीतरी म्हणतं, ‘दहाचे साडेतीनशे, चाराचे एकशे चाळीस, चारशे नव्वद.’ उभ्या गुणाकाराच्या दोन ओळी म्हणजे नेमके हेच दोन तुकडे आहेत, फक्त चारचा आधी आणि दहाचा नंतर. ते बोट ठेवून दाखवा. दुसऱ्या ओळीत शून्य न देता 35 लिहिलं तर बेरीज येते 175. अशा वेळी लाल शाईने शून्य भरू नका. विचारा, ‘दहाचेच साडेतीनशे होतात, मग चौदाचे पावणेदोनशे कसे?’ पालावर बसणारं पोर हे ऐकून स्वतःच हसेल. उत्तर पटतं का हे विचारायची सवय त्याला बाजाराने लावलेली असते. शाळेत ती बाहेर काढून ठेवावी लागते असा त्याचा समज झालेला असतो.

अपूर्णांकांत तर आपल्या भाषेने आधीच अर्धं काम करून ठेवलंय, आणि रांगोळीपेक्षा हे खूप मोलाचं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. एका शब्दात दीड म्हणता येणं ही मोठी सोय आहे. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे पाढेच होते, साडेतीनचा औटकी. ते पाठ करून घ्या असं माझं म्हणणं नाही. पण पाऊणकीचे पहिले आठ आकडे मुलांना स्वतः तयार करू द्या : पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. दर चौथ्याला पूर्ण संख्या का येते, हे कोण आधी सांगतं ते बघा.

आता 1/2 + 1/4 = 2/6 ही चूक घ्या. वर आणि खाली सरळ बेरीज. याच मुलाला ‘अर्धा किलो आणि पाव किलो’ विचारा, तो पाऊण म्हणेल. 2/6 कुणीही म्हणणार नाही, कारण ते अर्ध्याहूनही कमी भरतं. ‘पाऊण’ या शब्दाशेजारी 3/4 लिहा, आणि मग एक पाव म्हणजे 1/4, अर्धा म्हणजे दोन पाव, म्हणजे 2/4, असं खालून वर चढा. समच्छेद करणं म्हणजे दोन्ही मापं पावांत मोजणं. दीड पाव म्हणजे किती हे विचारायला विसरू नका. पावाचा अर्धा आठवा हिस्सा, म्हणून दीड पाव म्हणजे 3/8; पाचवीच्या मुलाला हे स्वतः सापडलं की तो आठवडाभर सांगत फिरतो.

घरात जुनी मापं असतील तर मागवा. साधारण चाल अशी : दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट, म्हणून पायलीत 64 निळवी. मापटं आणि चिपटं मिळून पाऊण शेर, हे ज्वारी ओतून दाखवता येतं. दोन गोष्टी बिघडतात. एक, कुणी शीग लावून भरतं, कुणी काठोकाठ सपाट करतं, आणि मग दोन चिपट्यांचं मापटं जमत नाही. भरण्याची रीत आधी ठरवा, नाही जमलं तर का नाही जमलं यावरच तास घ्या. दोन, शेराचं माप गावागणिक बदलतं, आणि हे आकारमान आहे, वजन नव्हे. शेरभर ज्वारी आणि शेरभर मुरमुरे काट्यावर ठेवून दाखवा. लिटर आणि किलोतला गोंधळ तिथेच मिटतो. मापं मिळाली नाहीत तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कापून अर्धी, पाव, आठवा करा.

पण बाजाराचे अपूर्णांक जवळजवळ सगळे अर्ध्याचे अर्धे आहेत. पाचवा, सातवा हिस्सा तिथे भेटत नाही. तिसरा भेटतो तो बटईत, ‘तिसऱ्या हिश्श्याने’ जमीन करणाऱ्यांकडे. म्हणून 2/5 शिकवताना पाव-पाऊण ताणत बसू नका. तीन भाकरी पाच जणांत वाटा, कागदाच्या पट्ट्या घ्या, पुस्तक उघडा. परिसर जिथे संपतो तिथे पुस्तक लागतंच, आणि हे मुलांना उघड सांगण्यात काही कमीपणा नाही.

एका ठिकाणी तर बाजार पुस्तकाच्या विरुद्ध जातो. ‘पाव किलो 25 रुपये, तर एक किलो किती?’ पुस्तक म्हणतं 100. पालावरचा मुलगा म्हणतो 80, कारण किलो घेणाऱ्याला भाव कमी लागतो. तो चुकलेला नाही, त्याने वेगळा नियम लावला. त्याचं उत्तर खोडण्याऐवजी फळ्यावर दोन ओळी करा, ‘भाव तोच राहिला तर’ आणि ‘जास्त घेतल्यावर भाव उतरला तर’. पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणात पहिली अट न लिहिता गृहीत असते, हे कळलेल्या मुलाला पुढे समप्रमाण समजावून सांगावं लागत नाही.

तांड्यावरच्या मुलांबद्दल थोडं. ती घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, आणि आपले संख्यांचे शब्द मराठीच घरी बोलणाऱ्यांनाही सोपे नाहीत. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतं आणि मूल 69 लिहितं, ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि 35 होतात. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वादात न पडता वर्गात दोन्ही चालू द्या : मुलाने 53 कडे बघून आधी ‘पन्नास आणि तीन’ म्हणावं, मग ‘त्रेपन्न’. त्यांच्या घरच्या भाषेतले आकडे त्यांनाच फळ्यावर लिहू द्या आणि बाकीच्यांनी त्यातली घडण ओळखावी. पाच मिनिटांचा खेळ आहे. पण त्या सात-आठ जणांना वर्गात पहिल्यांदाच काहीतरी शिकवायला मिळतं.

आणि रडलेली मुलगी. कोयता, टन, उचल हे शब्द तिच्या रोजच्या जगण्यातले, म्हणून ते जवळचे, असं आपण धरतो. रोजचं असतं ते सगळंच चारचौघांत बोलावंसं वाटतं असं नाही. उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेलं, डोक्यावरचं कर्ज, आणि वर्गात मुकादमाचंही पोर बसलेलं असू शकतं. नियम एकच पुरे : कुठल्याही मुलाच्या घरचा आकडा वर्गात मागायचा नाही. ना कमाई, ना कर्ज, ना रेशनकार्डाचा रंग. विषय मात्र टाळू नका, तो कल्पित घरावर घ्या. उदाहरणार्थ रेशन. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. चार माणसांच्या घराला कुठलं कार्ड फायद्याचं? नऊ माणसांच्या? कितीला दोन्ही सारखे होतात? उत्तर सात, आणि तिथपर्यंत पोचताना तक्ता, गुणाकार, तुलना सगळं येतं. मग एखादं मूल आपण होऊन विचारतं, ‘मोठ्या घराला कमी का?’ विचारू द्या. अमेरिकेतल्या ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी 1995 साली संस्कृतीशी जोडलेल्या या शिक्षणपद्धतीची मांडणी केली तेव्हा तीन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या : मुलाने विषयात खरोखर पुढे जावं, आपली मुळं सोडायला लागू नयेत, आणि भोवतालच्या व्यवस्थेला प्रश्न विचारता यावेत. आपल्या प्रशिक्षणांत मधलीच तेवढी पोचते, तीही रांगोळीच्या रूपात. पहिली अट विषयात पुढे जाण्याची आहे, हे ‘मी संस्कृती शिकवू की गणित?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर समजा. त्या मुलीला मात्र काही समजावायला जाऊ नका. पुढे कधी मुलांना स्वतः उदाहरणं रचायला द्याल तेव्हा तिला वाटलं तर ती ऊस आणेल, नाहीतर मांजर आणेल.

सहावी ते आठवीला शिकवणाऱ्यांचीही अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन जागा. जमिनीत लोक ‘1.20’ लिहितात ते एक एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे 40, म्हणून ते दीड एकर झाले, 1.2 नव्हे. हे टिंब दशांशचिन्ह नाही, नुसती फट आहे. सव्वादोन वाजता 2.15 लिहितो तसंच. दशांश अपूर्णांक शिकवताना या तिन्ही टिंबांची तुलना केली नाही तर मुलं दशांशालाही दोन वेगळ्या पूर्ण संख्या समजतात आणि 3.45 ला 3.5 हून मोठं म्हणतात. दुसरी जागा व्याजाची. पुस्तकातलं द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. गावात ‘शेकडा दोन’ म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला 24. हे एक वाक्य फळ्यावर मांडलं की सरळव्याजाचं प्रकरण मुलांना एकदम आपल्या घरचं वाटायला लागतं. अर्थात, आकडे कल्पित.

पालकांना भाषणाने पटणार नाही. पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं मागा. 750 ग्रॅम भेंडी, 80 रुपये किलो, शंभराची नोट, परत किती, असं पालकांनाच विचारा. ‘पाव किलो वीस, तीन पाव साठ, चाळीस परत’ असं कुणीतरी आई पटकन सांगेल. तिचे शब्द फळ्यावर लिहा, शेजारी 80 × 3/4 मांडा, आणि तिच्या मुलाची तीन भागांची वही हातात द्या. पुस्तक सुटलेलं नाही हे त्यांना तिथेच दिसेल.

मुख्याध्यापकांची काळजी खोटी नाही, पण ती तुमच्या विरुद्धही जात नाही. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेत अंकगणिताचे 20 प्रश्न असतात आणि त्यांना साधारण 30 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. चार पर्यायांतले दोन अंदाजानेच बाद करणारं पोर तिथे टिकतं, प्रत्येक गुणाकार उभा मांडणारं मागे पडतं. तरी त्यांना शब्दांवर विश्वास ठेवायला लावू नका. सोमवारी दहा नुसत्या आकड्यांच्या गणितांची चाचणी घ्या, कागद तारीख घालून ठेवून द्या. तीन आठवडे तीन भागांचा फळा चालवा, मग तशाच दहा गणितांची दुसरी चाचणी घ्या आणि दोन्ही गठ्ठे त्यांच्या टेबलावर ठेवा. किती बरोबर आली यापेक्षा चुका कशा बदलल्या ते आधी दाखवा. आणि दोन्ही वेळेला 200 − 137 जरूर घाला.